विश्लेषण : १९९१ ची परभणी आणि २००१ ची परभणी एकच का नाही? संशोधनाच्या ‘मेटाडेटा’चे मानक मुळापासून का बदलत आहे?

नाव तेच राहिले, पण जिल्हा बदलला. आकडे साठवणाऱ्या संगणकाला हे कसे कळावे? जगभरातील सर्वेक्षणांची माहिती नोंदवणारे ‘डीडीआय’ हे मानक याच प्रश्नासाठी नव्या आराखड्यावर उभे केले जात आहे.

१९९१ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या २१ लाखांच्या वर होती. २००१ च्या जनगणनेत ती १५ लाख २७ हजार भरली. हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी आलेख काढला, तर दहा वर्षांत जवळपास सहा लाख माणसे जिल्ह्यातून नाहीशी झाल्याचे दिसेल. दुष्काळ, ऊसतोड, पुण्या-मुंबईकडे झालेले स्थलांतर अशी कारणेही लगेच सुचतील.

पण ही माणसे आपापल्या गावातच होती. १ मे १९९९ रोजी परभणीचे विभाजन झाले आणि हिंगोली हा नवा जिल्हा तयार झाला. हिंगोली, कळमनुरी, वसमत, औंढा नागनाथ आणि सेनगाव हे तालुके आज त्या जिल्ह्यात आहेत. २००१ मध्ये हिंगोलीची लोकसंख्या ९ लाख ८७ हजार होती. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज केली तर २५ लाखांचा आकडा मिळतो. म्हणजे घट नव्हे, वाढच झाली.

दोन्ही आकडे खरे आहेत, चूक आहे ती त्यांचा अर्थ लावण्यात. आकड्यासोबत त्याचा अर्थही प्रवास करत नसेल, तर खऱ्या आकड्यांतूनही खोटी बातमी तयार होऊ शकते.

मेटाडेटा म्हणजे काय?

सोप्या भाषेत, माहितीबद्दलची माहिती. बियाण्याच्या पिशवीवर लेबल असते. वाण कोणता, लॉट क्रमांक काय, उगवणशक्ती किती टक्के, चाचणी कधी झाली, हे त्यावर लिहिलेले असते. आतले सोयाबीन तेच असले तरी लेबल फाटले की शेतकरी ती पिशवी घेत नाही. मेटाडेटा म्हणजे आकड्यांच्या पिशवीवरचे लेबल.

पावसाचे उदाहरण घ्या. ‘आज परभणीत ४० मिलिमीटर पाऊस’ असे वाचताना आपण मध्यरात्र ते मध्यरात्र असा दिवस धरतो. हवामान विभागाचा पावसाचा दिवस मात्र सकाळी साडेआठला संपतो. म्हणजे आजच्या नोंदीत कालच्या सकाळपासूनचा पाऊस असतो. शिवाय ‘परभणीत’ म्हणजे शहरात, तालुक्यात, महसूल मंडळात की जिल्ह्याच्या सरासरीत, हाही प्रश्न उरतो. ४० या आकड्यात यातले काहीच नाही. ते लेबलवर असायला हवे.

‘डीडीआय’ काय आहे?

‘डेटा डॉक्युमेंटेशन इनिशिएटिव्ह’ हे त्याचे पूर्ण नाव. सर्वेक्षणे आणि सामाजिक-आर्थिक संशोधनाच्या आकड्यांना लेबल कसे लावायचे, याचे हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातील ‘आयसीपीएसआर’ या डेटा संग्रहाच्या पुढाकाराने १९९५ मध्ये हे काम सुरू झाले. पहिली आवृत्ती २००० मध्ये आली. २००३ मध्ये ते सांभाळण्यासाठी ‘डीडीआय अलायन्स’ ही संस्था स्थापन झाली.

हे मानक आपल्यापासून दूर नाही. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय माहिती, ओळख पटू नये अशा स्वरूपात, आपल्या मायक्रोडेटा पोर्टलवर ठेवते. त्यासाठी ‘नाडा’ ही प्रणाली वापरली जाते आणि तिचा पाया डीडीआय हाच आहे. परभणीतील एखाद्या घरात येऊन कर्मचाऱ्याने विचारलेले प्रश्न, त्यांच्या उत्तरांचे संकेतांक आणि रकान्यांची नावे याच पद्धतीने नोंदली जातात.

मानकाच्या दोन मुख्य शाखा आहेत. ‘कोडबुक’ ही साधी शाखा एका सर्वेक्षणाचे वर्णन करते. ‘लाइफसायकल’ ही २००८ मध्ये आलेली मोठी शाखा. प्रश्नावली तयार होण्यापासून आकडे जतन होईपर्यंतचा सगळा प्रवास ती टिपते. तोच प्रश्न पुढच्या फेरीत पुन्हा वापरला, तर तो नव्याने लिहावा लागत नाही.

मग अडचण कुठे आली?

या दोन्ही शाखा ‘एक्सएमएल’ या फाईल प्रकाराभोवती उभ्या राहिल्या. २००० च्या दशकात एक्सएमएल हीच संगणकांमधील देवाणघेवाणीची चलती भाषा होती. त्यामुळे ‘मानक काय सांगते’ आणि ‘एक्सएमएल फाईल कशी लिहायची’ या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या.

पुढे काळ बदलला. वेबसाइट आणि अॅपना ‘जेसन’ सोयीचे वाटू लागले. वेगवेगळ्या संस्थांची माहिती एकमेकांना जोडण्यासाठी ‘आरडीएफ’ वापरात आले. प्रत्येक नव्या प्रकारासाठी मानकाचा अर्थ एक्सएमएलमधून उकलून काढायचा आणि पुन्हा हाताने लिहायचा, असे काम वाढत गेले. हाताने केलेल्या प्रत्येक रूपांतरात थोडा अर्थ सांडण्याचा धोका असतो.

शिंप्याचे उदाहरण घेतले तर हे लगेच कळते. गिऱ्हाइकाची मापे वहीत लिहिलेली असतील, तर त्यावरून आज सदरा, उद्या कुर्ता, परवा कोट शिवता येतो. पण मापे कुठेच लिहिलेली नाहीत, फक्त एक जुना सदरा आहे, असे असेल तर? प्रत्येक वेळी तो सदरा उसवून, अंतरे मोजून नवे कापड बेतावे लागेल. जुन्या डीडीआयमध्ये एक्सएमएल हा तो सदरा होता. मापांची वही वेगळी नव्हती.

मॉडेलआधारित रचना म्हणजे नेमके काय?

म्हणजे आधी मापांची वही तयार करणे. ‘प्रश्न’, ‘उत्तराचा संकेतांक’, ‘चल’, ‘वर्गीकरण’, ‘नमुन्यातील घटक’ या प्रत्येक गोष्टीची व्याख्या, तिचे गुणधर्म आणि तिचे दुसऱ्या गोष्टींशी असलेले नाते एका मध्यवर्ती मॉडेलमध्ये लिहायचे. हे मॉडेल कोणत्याही फाईल प्रकाराशी बांधलेले नसते. त्यातून एक्सएमएल, जेसन, आरडीएफ आणि माणसांनी वाचायची माहितीपुस्तिका ही सगळी रूपे संगणक आपोआप तयार करतो.

व्याख्येत बदल झाला तर तो एकाच ठिकाणी करायचा. सगळी रूपे पुन्हा तयार होतात. उद्या चौथा फाईल प्रकार आला, तर तो तयार करणारा एक नवा प्रोग्रॅम लिहायचा. मानक मोडावे लागत नाही.

हा बदल कसा घडत गेला?

२०१२ मध्ये जर्मनीतील श्लॉस डागश्टूल येथे झालेल्या कार्यशाळेत मॉडेलवर आधारित नव्या डीडीआयची दिशा ठरली. त्या वेळी त्याला ‘डीडीआय ४’ म्हटले जात होते. काम अपेक्षेपेक्षा मोठे निघाले. सगळे काही एकाच मॉडेलमध्ये बसवण्याऐवजी पुढे वाटा वेगळ्या झाल्या.

एक वाट ‘डीडीआय-सीडीआय’ची. वेगवेगळ्या ज्ञानशाखांची माहिती एकत्र आणण्यासाठी ही नवी शाखा तयार झाली. ती ‘यूएमएल’ या आराखडे मांडण्याच्या चित्रभाषेत आहे. २०२० मध्ये तिचा मसुदा अभिप्रायांसाठी खुला झाला आणि २०२५ मध्ये पहिली अधिकृत आवृत्ती आली.

दुसरी वाट ‘लाइफसायकल’ शाखेची. २०२० मध्ये तिची ३.३ ही आवृत्ती आली. पुढच्या, चौथ्या टप्प्यासाठी हीच शाखा मॉडेलवर आणली जात आहे. त्यासाठी ‘कॉग्ज’ हे साधन वापरले जाते. यात प्रत्येक गोष्टीची व्याख्या साध्या तक्त्याच्या फाईलमध्ये लिहिली जाते. ती एक्सेलसारख्या कोणत्याही प्रोग्रॅममध्ये उघडता येते. कोणी काय बदलले याचा हिशेब राहतो आणि बाकीची रूपे साधनच तयार करते. आशय जवळपास तोच ठेवून पाया बदलायचा, अशी ही पद्धत आहे.

परभणीच्या उदाहरणात याने काय फरक पडतो?

मॉडेलमध्ये नाव, संकेतांक आणि प्रत्यक्ष गोष्ट या तिन्ही वेगळ्या मानल्या जातात. ‘परभणी’ हे नाव. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याचा राज्यांतर्गत संकेतांक १७ होता, तर २०११ मध्ये देशभरातील जिल्ह्यांना सलग क्रमांक दिल्यावर तो ५१३ झाला. जिल्हा तोच, नाव तेच, संकेतांक वेगळा. १९९१ ते २००१ या काळात मात्र नाव तेच राहिले आणि जिल्हाच बदलला. त्याआधी १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून तिकडे गेला होता. म्हणजे १९७१, १९९१ आणि २००१ अशा तीन वेळच्या ‘परभणी’ या तीन वेगळ्या सीमांच्या परभणी आहेत.

याच्या उलट उदाहरण शेजारीच आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. तिथे नाव बदलले. पण केवळ नाव पाहणारा प्रोग्रॅम त्यांना नवे जिल्हे समजेल आणि परभणीला मात्र जुनाच जिल्हा समजेल. दोन्हीकडे त्याचे चुकेल.

मॉडेलमध्ये यासाठी वर्गीकरणाच्या आवृत्त्या आणि त्यांची सांगड घालणारा तक्ता यांना स्वतःची जागा आहे. ‘१९९१ ची परभणी म्हणजे २००१ ची परभणी अधिक हिंगोली’ ही गोष्ट अशा तक्त्यात, यंत्राला वाचता येईल अशी लिहिता येते. जनगणना विभाग सीमाबदल लक्षात घेऊन जुळवलेले आकडे देतोच. पण असे खुलासे बहुतेकदा तळटिपेत किंवा वेगळ्या तक्त्यात असतात. माणूस तळटीप वाचू शकतो. हजारो फाईल एकत्र करणारा प्रोग्रॅम ती वाचत नाही.

एकाच रकान्याच्या तीन पायऱ्या

मॉडेलमधील आणखी एक कल्पना समजून घेण्यासारखी आहे. सर्वेक्षणातील ‘चल’, म्हणजे आपण ज्याला रकाना म्हणतो तो, तीन पायऱ्यांत मांडला जातो.

पहिली पायरी कल्पनेची : कुटुंबाकडे असलेली शेतजमीन. दुसरी पायरी मोजमापाची : ती हेक्टरमध्ये लिहायची की एकरात, दशांश किती ठेवायचे. तिसरी पायरी प्रत्यक्ष रकान्याची : अमुक वर्षीच्या अमुक सर्वेक्षणातील अमुक फाईलमधला तो रकाना.

परभणीत बोलताना हिशेब एकर-गुंठ्यांत होतो, सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर. दोन सर्वेक्षणांनी वेगवेगळी एकके वापरली असतील, तर पहिल्या पायरीवर ती एकच आहेत आणि दुसऱ्या पायरीवर वेगळी आहेत, हे संगणकाला कळते. मग थेट तुलना न करता आधी रूपांतर करायला हवे, हेही त्याला कळू शकते. तीनही पायऱ्या एकाच रकान्याच्या नावात कोंबल्या, तर अडीच पटीची चूक कोणाच्याही लक्षात न येता अहवालात जाते.

तक्त्याचा आकारही महत्त्वाचा

एकच माहिती वेगवेगळ्या आकारात ठेवता येते. परभणी जिल्ह्यातील नऊ तालुक्यांच्या पावसाचा तक्ता करायचा असेल, तर एका ओळीत एक तालुका आणि जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे रकाने करता येतील. हा आडवा आकार. किंवा प्रत्येक ओळीत तालुका, महिना आणि पाऊस अशी एकच नोंद ठेवता येईल. हा उभा आकार. तालुका, महिना आणि वर्ष अशा अनेक बाजूंनी पाहता येणारा घनही करता येतो. आणि स्वयंचलित यंत्रांकडून येणाऱ्या नोंदी बहुतेकदा ‘ओळख आणि तिची किंमत’ अशा जोड्यांत येतात.

डीडीआय-सीडीआय या चारही आकारांचे वर्णन करते आणि जिंतूरचा जुलैमधला पाऊस या चारही ठिकाणी एकच आहे, हे सांगण्याची सोय देते. शेती, आरोग्य आणि हवामान यांची माहिती एकत्र पाहायची असेल, तर हे लागतेच. कारण प्रत्येक खाते आपापल्या सवयीच्या आकारात आकडे ठेवते.

शंभराने भागायचे राहिले तर?

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची माहिती अनेक वर्षे साध्या मजकुराच्या फाईलमध्ये मिळत असे. ओळीच्या ओळी नुसते अंक. कोणत्या स्थानापासून कोणत्या स्थानापर्यंत काय आहे, हे सोबतच्या वेगळ्या तक्त्यात असायचे. त्यात २७ म्हणजे महाराष्ट्र. त्यापुढचा अंक राज्यांतर्गत विभागाचा. मराठवाडा ज्यात येतो त्या विभागाचे नाव ‘इनलँड सेंट्रल’.

या फाईलमध्ये प्रत्येक कुटुंबासाठी एक ‘गुणक’ असतो. नमुन्यातले हे एक घर प्रत्यक्षातल्या किती घरांचे प्रतिनिधित्व करते, हे त्यावरून काढतात. अनेक फेऱ्यांत हा गुणक आधी १०० ने किंवा, काही ओळींसाठी, २०० ने भागावा लागतो. केव्हा कशाने भागायचे, हे सोबतच्या सूचनापत्रात लिहिलेले असते. सूचनापत्र न वाचता हिशेब केला तर एकूण संख्या शंभर पट फुगते. ती चूक निदान डोळ्यांत भरते. पण १०० आणि २०० मधला फरक चुकला तर उत्तर दिसायला ठीक असते आणि तरीही चुकलेले असते.

अशा सूचना माणसांसाठी लिहिलेल्या मजकुरात न ठेवता मेटाडेटाचा भाग करणे, हा मॉडेलआधारित रचनेचा खरा फायदा आहे.

आता हे महत्त्वाचे का?

तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणांच्या नमुना निवडीत जिल्हा हा मूळ स्तर धरला जात आहे. जिल्ह्याच्या पातळीवरचे अंदाज मिळावेत, हा त्यामागचा हेतू. आकडे जिल्ह्याचे होणार असतील तर ‘जिल्हा म्हणजे कोणता’ हे स्पष्ट असणे आलेच.

दुसरे, जनगणना. २०११ नंतरची जनगणना २०२७ मध्ये होत असून तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. ती डिजिटल पद्धतीने होणार आहे. सीमा गोठवण्यासाठी ३१ डिसेंबर २०२५ ही मुदत होती. सोळा वर्षांच्या अंतरातील तुलना करताना गावे, तालुके आणि शहरांच्या हद्दी कुठे बदलल्या, हा प्रश्न पुन्हा येणार आहे.

तिसरे कारण थेट बांधाशी जोडलेले आहे. पीक विमा योजनेत सोयाबीन, कापूस यांसारख्या प्रमुख पिकांसाठी महसूल मंडळ हे घटक धरले जाते. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून ‘उंबरठा उत्पादन’ ठरते. यंदाचे पीक कापणी प्रयोगातील उत्पादन त्याखाली गेले, तर भरपाई. विम्याची यंत्रणा डीडीआयवर चालते असे नव्हे. पण प्रश्न तोच आहे. मंडळाचे विभाजन होऊन नवे मंडळ झाले, तर ‘मागील सात वर्षे’ कोणत्या गावांची? नाव पाहून इतिहास जोडला तर एका गावाच्या पिकाचा हिशेब दुसऱ्या गावाच्या जमिनीवर होऊ शकतो. इथे चुकलेल्या लेबलची किंमत रुपयांत मोजावी लागते.

मर्यादा काय?

मॉडेल कितीही चांगले असले तरी त्यात माहिती माणसालाच भरावी लागते. सांगड घालणारा तक्ता ठेवायची जागा मानक देते. पण कोणते गाव कधी कुठे गेले, याची नोंद महसूल यंत्रणेकडूनच यायला हवी.

दुसरी मर्यादा खर्चाची. जगभरात लाखो फाईल जुन्या पद्धतीत आहेत आणि त्या चांगल्या चालतात. ‘कोडबुक’ शाखा बंद झालेली नाही. छोट्या संस्थेसाठी तीच आजही सोपी आहे. मॉडेल समजून घ्यायला प्रशिक्षण लागते, तयार सॉफ्टवेअर अजून मोजके आहे. म्हणून हा बदल एका रात्रीत होणार नाही. जुने मानक आणि नवे मॉडेल काही वर्षे शेजारी शेजारी नांदतील.

तिसरी गोष्ट सवयीची. परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. आज ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. इक्रिसॅटसोबत विकसित केलेले, लोह आणि जस्ताचे प्रमाण जास्त असलेले ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचे वाण इथलेच, २०१८ चे. असे वाण तयार व्हायला अनेक हंगामांच्या चाचण्या लागतात. देशभरात कुठेही अशा चाचण्यांचा तक्ता दहा वर्षांनी उघडला, तर रकान्याच्या डोक्यावर ‘उत्पादन’ लिहिलेले असते. पण ते धान्याचे की कडब्याचे, एकरी की हेक्टरी, हे कोणाला तरी विचारावे लागते. तो ‘कोणी तरी’ निवृत्त झालेला असला, की आकडे असूनही उपयोगाचे राहत नाहीत.

त्यामुळे मानकाची कोणती आवृत्ती वापरायची हा पुढचा प्रश्न. सुरुवात एकाच सवयीने करता येते. तक्ता तयार करतानाच प्रत्येक रकान्यासमोर तीन गोष्टी लिहायच्या : हे काय आहे, कशात मोजले आणि कोणत्या दिवशीच्या कोणत्या हद्दीचे आहे. एवढे लिहिलेले असेल तर उद्या कोणतेही मानक आले तरी ते आकडे त्यात नेता येतील. लिहिलेले नसेल, तर १९९१ ते २००१ मध्ये परभणीतील सहा लाख माणसे कुठे गेली, हे कोडे पुन्हा कोणीतरी नव्याने सोडवत बसेल.